राई आणि तिचे राखणदार

सिंधुदुर्गात देऊळ म्हटले की राई आलीच. जांभ्याच्या पायऱ्या, दीपमाळ, पाण्याची बाव, एखादे वारूळ आणि या सर्वांवर छाया धरणारी जुनी झाडे, एवढे मिळून ग्रामदेवतेचे स्थान होत असे. कित्येक गावांत तर राई आधी आणि देऊळ मागाहून असाच क्रम दिसतो. सातेरीचे मूळ रूप वारुळाचे. त्या वारुळावर आरंभी झाडांचेच छप्पर होते, नंतर गवताचे, नंतर मंगलोरी कौलांचे, आणि आता सिमेंटच्या स्लॅबचे. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने देवळाच्या बांधकामाचा इतिहास बहुतेक ठिकाणी लिहिला जातो. राईचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. वास्तविक हा इतिहास देवळाइतकाच गावाचा आहे.

रत्नागिरीकडे जिला देवरहाटी म्हणतात, तिला या भागात नुसते राई म्हणण्याचा प्रघात आहे. राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा पहिला दंडक. पडलेली फांदी असेल तर ती देवस्थानच्या कामी लागावी, कोणाच्या चुलीत जाऊ नये, हा दुसरा. देवळाच्या तुळईसाठी किंवा शिमग्याच्या होळीसाठी झाड हवेच असेल, तर मानकऱ्यांनी देवाला कौल लावावा, गाऱ्हाणे घालावे, सर्वांनी ‘व्हय महाराजा’ म्हणावे आणि मगच झाडाला हात घालावा. राईला राखणदार असतो, तो रात्री फिरतो, ही श्रद्धा लहान पोरांपासून थोरांपर्यंत सर्वांच्या मनात होती. हल्लीची सुशिक्षित मंडळी या भीतीला हसतात. परंतु तिचा हिशेब सरळ होता. राई होती म्हणून पाऊस डोंगरात मुरत होता, आणि तो मुरत होता म्हणून वैशाखात देवाच्या बावीला पाणी राहत होते. खालच्या मळ्यातील वायंगणी शेतीही त्याच झऱ्यावर पिके. हे सर्व प्रत्येकाला समजावून सांगत बसण्यापेक्षा राखणदाराचे नाव घेणे अधिक सोपे आणि अधिक परिणामकारक होते.

राईतील झाडे कोणती? ऐन, किंदळ, नाना, जांभूळ, बेहडा, सातवीण, कुंभा, काजरा, रानफणस, भेरली माड, पाण्याकाठी ताम्हण, समुद्राजवळ उंडी आणि करंज, अंगणात ओवळ, म्हणजे बकुळ. जाणत्या माणसास ही नुसती नावे नव्हती. उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यात जळे आणि होड्यांनाही लावले जाई. किंदळाचे लाकूड घराच्या वाशांना चाले. तिरफळाचे झाड अंगभर काट्यांचे, पण त्याच्या फळावाचून बांगड्याच्या तिखल्याला चव नाही. काजऱ्याचे बी विषारी, म्हणून गुरे राखणाऱ्या पोरांस त्याची ओळख आधी करून देत. कांदळाच्या आणि ऐनाच्या सालीच्या पाण्यात मच्छीमार आपली सुती जाळी बुडवीत, त्यामुळे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. पुढे नायलॉनची जाळी आली. साल नकोशी झाली, आणि एका पिढीत कोणत्या झाडाची साल हेही पुष्कळांच्या स्मरणातून गेले. वस्तूचा उपयोग सुटला की तिचे नाव फार दिवस टिकत नाही.

चतुर्थीची माटवी ही या मुलखातील वनस्पतिशास्त्राची पहिली शाळा होय, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. गणपतीच्या वर टांगावयाच्या लाकडी चौकटीला कवंडळे, कांगणीचे घोस, शेरवडाची पांढरी पाने, तेरडा, आंब्याचे टाळे, सुपारीचे घड, नारळ आणि परसातील काकड्या-दोडकी बांधावयाची. हे सामान आणावयास घरातील मुले वडील माणसांबरोबर रानात जात. कवंडळाचा वेल कोणत्या कुंपणावर चढतो, शेरवड कोणत्या बांधावर मिळते, हे हाताला धरून दाखविले जाई. कवंडळाचे लालभडक फळ दिसावयास सुरेख, परंतु खावयाचे नव्हे, हा धडाही त्याच दिवशी मिळे. गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर शेगलाची भाजी, पहिल्या पावसानंतर टाकळा आणि फोडशी, श्रावणात पत्री, असे वर्षभराचे वेळापत्रकच होते. आता माटवीचे सामान कुडाळ-मालवणच्या बाजारात जुडी बांधून मिळते. मुंबईहून आदल्या दिवशी पोचलेल्या चाकरमान्याची त्याने सोय झाली हे खरे. रानाची वाट मात्र त्याच्या मुलांना ठाऊक होत नाही.

या ज्ञानाची दखल कागदावरही झालेली आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. त्यासाठी ज्या स्थानिक वैद्यांनी माहिती पुरविली, त्यांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी भाषिक वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. युरोपातील पंडितांनी पुढे शंभर वर्षे जो ग्रंथ प्रमाण मानला, त्यात कोंकणी माणसाच्या तोंडची झाडांची नावे आहेत, ही गोष्ट येथील शाळांतून सांगितली जात नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी जी आज्ञा आहे, ती पुष्कळांना ठाऊक असते. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांस हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा तिचा आशय. व्याख्यानांतून हे शब्द बहुधा थेट शिवछत्रपतींच्या तोंडी घातले जातात. ग्रंथ त्यांच्या नंतरचा आहे, धोरण त्यांच्या परंपरेतील आहे, असे म्हणणे अधिक बरोबर. ज्या मालवणात १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू झाले, तेथील रयतेला झाड आणि जहाज यांचे नाते निराळे सांगावयास नको होते.

इंग्रजी अमदानीत झाडांची मोजदाद सुरू झाली. डॅलझेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली निघाला. रत्नागिरी व सावंतवाडी यांचे गॅझेटियर १८८० साली छापले गेले. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले मुख्याधिकारी ब्रँडिस यांनी देशभरच्या देवरायांची नोंद करून त्यांचे कौतुकही केले. परंतु त्याच खात्याच्या कायद्यांनी रान हे सरकारी किंवा खासगी, अशी दोनच खाती मांडली. देवाचे रान कोणत्या खात्यात, याचे उत्तर नीट कधीच मिळाले नाही. कोठे ते देवस्थान इनाम झाले, कोठे वनखात्याकडे गेले, कोठे एखाद्या कुळाच्या सातबारावर चढले. पुढचे पुष्कळ तंटे येथूनच निघाले आहेत.

स्वातंत्र्यानंतर या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे श्रेय पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोन अभ्यासकांकडे जाते. सत्तरीच्या दशकात त्यांनी सह्याद्रीतील देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ साली त्यांचा याविषयीचा प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यांच्या कामातील एक हकीगत सांगण्यासारखी आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी काळकाईची राई होती. तिच्यावर तोडीची पाळी आली तेव्हा गावकऱ्यांनीच या अभ्यासकांकडे धाव घेतली. देवीचा कोप हे त्यांचे गाऱ्हाणे होतेच; परंतु राई गेली तर गावचा ओहोळ आटेल, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. राई वाचली. विद्वानांनी गावाला शिकविण्याऐवजी गावाने विद्वानांना शिकविले, असा हा प्रसंग.

सिंधुदुर्गात राया कमी कशा झाल्या, याचे कारण एकच नाही. हापूसची कलमे आणि काजू यांनी डोंगर व्यापले. काजूला येथील माणूस आता घरचेच झाड समजतो, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने त्याच्या उत्तम जातीही दिल्या. तथापि तो मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. त्याने घराघरांत पैसा आणला, तेव्हा त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. शिरोड्यापासून तारकर्लीपर्यंतच्या किनाऱ्यावरचा सुरू हाही पाहुणाच. कारवारकडे तो १८६८ च्या सुमारास जळणासाठी लावला गेला. सामाजिक वनीकरणाच्या काळात माळांवर आणि सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. ती भराभर वाढते म्हणून आकडे भरण्यास सोयीची. तिच्या पाल्याला मात्र गुरे तोंड लावीत नाहीत. दोडामार्गाकडे रबराच्या बागांसाठी डोंगर साफ झाले. त्या बाजूच्या वृक्षतोडीवर २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजावे.

परंतु एक कारण असे आहे की ते या स्मरणिकेत टाळणे योग्य होणार नाही. ते म्हणजे खुद्द जीर्णोद्धार. जुन्या देवळाची तुळई वाळवीने पोखरलेली असते, कौले गळतात, जत्रेला माणूस मावत नाही. तेव्हा नवे बांधकाम हवे यात शंका नाही. चाकरमानी मंडळी पोटाला चिमटा काढून वर्गणी पाठवितात, त्यांची भक्ती खरी असते. मात्र सभामंडप वाढला की पहिली कुऱ्हाड अंगणातील ओवळीवर पडते. मागची राई ‘साफसूफ’ केली जाते, म्हणजे तिच्यातील झुडपे, वेली आणि पालापाचोळा काढला जातो, आणि उरतात फक्त चार मोठी झाडे. त्यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटच्या लाद्या बसतात. मुळांना पाणी आणि हवा मिळेनाशी झाली की पाच-दहा वर्षांत झाड वठते, आणि मग ते धोकादायक म्हणून तोडावे लागते. झाडाखाली नवे रोप उगवावयास जागाच नसल्याने त्याची जागा घेणारेही कोणी नसते. शेवटी पायरीवर कुंडीत परदेशी शोभेचा माड येतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. कौल लावताना देवाला मंडप किती खणांचा असावा हे विचारले जाते, झाडाचे विचारावयाचे राहून जाते, एवढेच.

नेमक्या अशाच दुर्लक्षित राईत काय दडलेले असू शकते, हे दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे दिसून आले. तेथील देवराईत ओहोळाच्या दलदलीत रानजायफळाची झाडे उभी आहेत. खोडापासून निघालेली त्यांची आधारमुळे चिखलात रोवलेली असतात, जणू झाड पायांवर उभे आहे. मायरिस्टिका मॅग्निफिका हे या झाडाचे शास्त्रीय नाव. अशा दलदली केरळ-कर्नाटकात आणि गोव्यात सत्तरीत निरंकाराच्या राईत ठाऊक होत्या. महाराष्ट्रात त्या असतील असे कोणाच्या मनात नव्हते. २०१८ साली अभ्यासकांनी बांबर्ड्याची नोंद प्रसिद्ध केली, ती सह्याद्रीतील सर्वांत उत्तरेकडील अशी दलदल म्हणून. पुढे शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. आंबोलीस हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीमुळे ते ठिकाणही २०२१ साली याच यादीत आले. दोन्ही ठिकाणी सरकारी पाटी लागण्यापूर्वी शेकडो वर्षे राखण केली ती गावाने, तीही त्या झाडाचे किंवा माशाचे शास्त्रीय नाव न जाणता.

आता जाणण्याचीही सोय झाली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने गावातील झाडे, वेली, मासे, बियाणी, औषधे यांची लोकनोंदवही तयार करावयास हवी. कल्पना उत्तम. पुष्कळ ठिकाणी मुदत संपत आली म्हणून नोंदवही घाईने भरली गेली आणि कपाटात गेली, हेही खरे. ज्या गावांत ती म्हाताऱ्या माणसांना बोलते करून भरली, तेथे तिचा उपयोग निराळाच झाला. एकाच झाडाला वाडीपरत्वे दोन-तीन नावे निघतात, त्यावरून वाद होतात, मग सर्व मिळून झाड पाहावयास जातात. ही जाण्यायेण्याची खटपटच महत्त्वाची.

वेंगुर्ल्यातील स्त्रियांचे उदाहरण या संदर्भात आवर्जून सांगावयास हवे. मांडवी खाडीच्या काठी राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांतील काही जणींनी ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट चालविला होता. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सागरी जैवविविधतेचा जो प्रकल्प झाला, त्यातून आणि २०१२ साली स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षाकडून त्यांना शिक्षण मिळाले. २०१७ पासून या स्त्रिया होड्या वल्हवीत पर्यटकांना खाडीतील कांदळवन दाखवू लागल्या. ज्या झाडांना त्या लहानपणापासून पाहत होत्या, त्यांची शास्त्रीय नावे त्यांनी पाठ केली. तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते, कारण ते झाड पानावाटे मीठ बाहेर टाकते. त्याची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे खाली लोंबते. हुऱ्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे जातील. मारांडीला काटेरी पाने आणि निळसर फुले. हे सर्व त्या पाहुण्यांना सांगतात.

वल्हे मारणे हे पुरुषांचे काम, अशा समजुतीच्या किनाऱ्यावर स्त्रियांनी ते करावे आणि वर वनस्पतिशास्त्र सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे. कांदळवन म्हणजे डास, चिखल आणि फुकटचे जळण, हीच सर्वसाधारण समजूत होती. कांदळवनाच्या तोडीवर उच्च न्यायालयाने २००५ साली निर्बंध घातले, तरी समजूत निकालपत्राने बदलत नाही. खेकडे, कालवे, कोळंबीची पिल्ले ज्या मुळांत वाढतात ती मुळे म्हणजेच आपली मिळकत, हे शेजारणीने शेजारणीस सांगितले तेव्हा ते पटू लागले. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष ठरविले. राज्यपुष्प ताम्हण तर या जिल्ह्याच्या ओढ्याकाठी आधीपासून आहेच.

मालवण तालुक्यात धामापूर येथे भगवतीच्या देवळास लागून असलेला तलाव १५३० सालचा. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याला २०२० साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे ‘स्यमंतक’ या संस्थेच्या भोवती जमलेल्या मंडळींनी तलाव, त्याच्या भोवतीचे रान आणि पक्षी-वनस्पती यांची ओळख मुलांना करून देण्याचे आणि काठावरच्या काँक्रीटच्या बांधकामाविरुद्ध दाद मागण्याचे काम केले. देऊळ, पाणी आणि झाडी ही एकाच देवस्थानची तीन अंगे आहेत, हे धामापुरास गेलेल्या माणसास कोणी समजावून सांगावे लागत नाही.

गावच्या झाडाला बाजारातही किंमत आहे, हेही विसरू नये. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आरवली-आसोलीकडे सुरंगीच्या मोसमात झाडाखाली कापड अंथरून कळ्या गोळा करतात. काही वळेसरांना जातात, बाकीच्या सुकवून अत्तरवाल्यांना. सुरंगीचे फूल फांदीच्या जुन्या लाकडाला चिकटून येते आणि त्याचा वास वाळल्यावरही टिकतो. अशी झाडे पूर्वी कोणी लावली नाहीत, ती राईच्या कडेने आपोआप आली, पाखरांनी आणली.

आज मात्र ती हाताने लावावी लागतील, आणि तेथे जुन्यांचे ज्ञान लागेल. कोकमाचे बी सुकले की रुजत नाही, म्हणून रातांबा फोडल्यावर थोड्याच दिवसांत पेरावे लागते. बियांपासून झालेल्या झाडांत सुमारे निम्मी नर निघतात. उत्पन्नासाठी लावणारे म्हणूनच कलमे पसंत करतात, राईत मात्र नरही हवेत. उंडीची कवची हलकेच फोडून लावली तर रोप लवकर वर येते. ओवळीला धीर धरावा लागतो. लावणाऱ्याने वळेसर आपल्या नातीच्या केसांत पाहावा, इतका. रानजायफळाचे बीही कोरडे पडून चालत नाही. ते पडते त्याच ओलीत, त्याच सावलीत रुजते. म्हणून राईचा ओहोळ बांधून काढताना त्याचा तळ सिमेंटने गुळगुळीत न करता जसाचा तसा मातीचा ठेवतात, तेथेच ते बी उतरते.